युगांडातील खेड्यातल्या अनाथाश्रमासाठी नवी इमारत बांधावी की बोअर घ्यावी?

आपल्या मित्रमंडळाने जमवलेल्या निधीतून युगांडातील एका खेड्यातल्या अनाथाश्रमाला मुलांसाठी नवी इमारत बांधून द्यावी की पाण्याची बोअर घेऊन द्यावी, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे कंपाला येथे नोकरीला होतो आणि तिथली आम्ही चार-पाच मराठी कुटुंबे मिळून दक्षिण युगांडातल्या राकाई भागातील एका लहान आश्रमाला मदत करत असू. त्या अनुभवावरून माझे मत असे की बोअर घ्यावी, आणि ती आश्रमाच्या कुंपणाबाहेर घ्यावी.

इमारतीला माझा विरोध का, ते आधी सांगतो. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या कासेन्सेरो या कोळ्यांच्या वस्तीत १९८२ साली एड्सचे रुग्ण आढळले आणि पुढच्या काही वर्षांत राकाईतील कित्येक घरांतली कर्ती माणसे गेली. मुले आजीच्या, म्हणजे लुगांडा भाषेत ‘जाजा’च्या, पदरात आली. ज्या आश्रमाला आम्ही अनाथाश्रम म्हणत होतो, तिथल्या बहुतेक मुलांना आजी, आत्या किंवा हयात असलेली आई होती. ती मुले तिथे होती, कारण घरी दोन वेळचे अन्न नव्हते. प्राथमिक शिक्षण १९९७ पासून सरकारी धोरणाने मोफत असले, तरी गणवेश, वह्या आणि दुपारच्या जेवणाचा भार घरावरच पडतो. अशा ठिकाणी वीस खाटा वाढवल्या, तर आणखी वीस घरांतली मुले तिथे येतात, एवढेच होते.

आम्ही पहिल्याच वर्षी बोअर घेतली आणि हापसा आश्रमाच्या आवारात बसवला. हापसा ‘यू-टू’ जातीचा, म्हणजे आपल्या इंडिया मार्क-टू या हातपंपाची युगांडातील आवृत्ती; आणि मार्क-टूचे मूळ शोधत गेले, तर ते आपल्याच जालना आणि सोलापूरच्या हापशांपाशी पोहोचते, याचा आम्हाला उगाचच अभिमान वाटला होता. तो फार टिकला नाही. संध्याकाळी फाटक बंद झाले की गावातल्या बायका पिवळे कॅन घेऊन पुन्हा जुन्या डबक्याकडे जात. पाणी आश्रमाचे, म्हणून दुरुस्तीही आश्रमाचीच, असे गावाने ठरवून टाकले आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. रबरी वायसर झिजले तेव्हा शंभर वेळा दांडा मारला की एक कॅन भरे, आणि पाईप उपसून काढायला चार माणसेही मिळेनात.

त्यात पाण्याचा रंग बदलला. त्या भूजलात आम्लता होती आणि आम्ही स्वस्त म्हणून गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाईप घातले होते. ते आतून गंजू लागले. स्वयंपाकघरातल्या बाईंनी एके दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, तो शाईसारखा काळा होता. लोह आणि चहा एकत्र आले की असे होते, हे मला नंतर कळले. मक्याच्या पिठाचा पोशोसुद्धा करडा पडे आणि मुले तो खात नसत.

दुसरी बोअर आम्ही वाटेच्या कडेला घेतली, पाईप स्टेनलेस स्टीलचे घातले आणि पाणी सोडण्यापूर्वी गावाची पाणी समिती नेमायला लावली, ज्यात निम्म्या बायका होत्या. दर घरामागे महिन्याला थोडे शिलिंग गोळा होत. ते ठेवायला गावात आधीपासून बायकांच्या बचतीची एक पत्र्याची पेटी होती, तीन कुलुपांची, आणि तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. आपल्या बचत गटासारखीच ही पद्धत आहे, फरक इतकाच की तिथे बँक मध्ये येत नाही आणि वर्षाअखेरीस पेटी रिकामी करून सगळ्यांना वाटणी मिळते. त्या अर्थाने ती भिशीच्या जास्त जवळची. त्याच पेटीतून कर्ज काढून एका जाजाने डुकरीण घेतली, पहिल्या पिलांच्या पैशातून नातवाचा गणवेश शिवला आणि आश्रमाच्या दारात येऊन त्याला घरी घेऊन गेली. आमच्या साऱ्या हिशेबात मला समाधान देणारी नोंद ही एकच आहे.

आजींना हाताशी धरून केलेले मोठे काम पाहायचे असेल, तर नैऋत्य युगांडात ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी यांनी २००१ साली सुरू केलेल्या न्याका प्रकल्पाची माहिती अवश्य काढावी. तिथे शाळा आहे, परंतु भर मुलांना आजीजवळ ठेवण्यावर आहे.

बोअरचे काम शक्यतो जून ते ऑगस्टमध्ये घ्यावे. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या पावसात मुरमाच्या रस्त्यावर बोअरची गाडी रुतते, शिवाय त्या दिवसांत लागलेले पाणी कोरड्या महिन्यांत टिकेलच असे नाही. पाण्याचा नमुना लोह आणि आम्लतेसाठी तपासून घ्यावा आणि पाईपची ऑर्डर अहवाल हाती आल्यावरच द्यावी.