तारेतून वीज, तारेतूनच इंटरनेट?

प्रश्न : आमचं घर जुनं, चिऱ्यांच्या जाड भिंतींचं. राउटर सोप्यावर, मागच्या स्वयंपाकघरात मात्र मोबाईलवर काही म्हणता काही उघडत नाही. भाच्याने विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणाऱ्या दोन डब्या आणून दिल्यात. धोका नाही ना? आणि हे जमतं, तर खांबावरच्या तारेतूनच गावाला इंटरनेट का देत नाहीत?
— एक वाचक, सावईवेरे, फोंडा

उत्तर : धोका नाही, बिनधास्त लावा. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. डबी त्याच तारेवर 2 ते 30 मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 20 लाख ते 3 कोटी वेळा थरथरणारी बारीक लहर चढवते आणि पलीकडची डबी ती गाळून घेते. युक्ती जुनीच. मी विजेच्या उपकेंद्रात होतो तेव्हा आमचा फोनसुद्धा उच्चदाबाच्या तारेवरूनच चालायचा. यार्डात तारेला पिंपाएवढं वेटोळं टांगलेलं दिसतं ना, तो वेव्ह ट्रॅप. फोनची लहर उपकेंद्राच्या यंत्रांत जिरू नये म्हणून तो तिला अडवतो.

डबी थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. स्पाइकगार्डात लावलीत तर त्यातला फिल्टर नेमकी तीच लहर गिळतो. थ्री-फेज जोडणी असेल तर दोन्ही खोल्या एकाच फेजवर आहेत का, हे वायरमनकडून बघून घ्या. नसतील तर वेग पडतो. माझ्याकडे गेल्या चवथीला नेमकं आरतीच्या वेळी नेट बसायचं. इंटरनेटवाल्याला दोनदा फोन करून झापलं, आणि दोष निघाला गणपतीवर टांगलेल्या माटोळीवरच्या दिव्यांच्या माळेचा! तिचा स्वस्तातला अडॅप्टर घरची सगळी लाइन गढूळ करत होता. त्या पोराची नंतर माफी मागितली.

आता खांबावरचं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मनासस शहराने 2005 मध्ये हे गावभर करून पाहिलं, 2010 मध्ये गुंडाळलं. ही लहर ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, त्याला वळसा घालणारं यंत्र जागोजागी बसवावं लागतं. शिवाय उघडी तार अँटेनाच होते, हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांच्या, शॉर्टवेव्हवर नुसती खरखर.

स्मार्ट मीटरचं मात्र तारेवर भागतं. त्याला सिनेमा बघायचा नसतो, चार आकडे पाठवायचे असतात. म्हणून तो 500 किलोहर्ट्झच्या खाली, सावकाश बोलतो आणि आवाज लांब पोचतो. सगळेच मीटर असे नसतात, काहींच्या पोटात मोबाईलचं सिम असतं.