वाचक विचारतात: पणजी पायी, फेरीबोटीने आणि संध्याकाळचा तावेर्न

प्रश्न : मुंबईचे चार पाहुणे जानेवारीत दोन दिवसांसाठी येत आहेत. किनारे त्यांनी पाहिले आहेत, जुन्या गोव्याची चर्चही. पणजी शहरात त्यांना काय दाखवू? आणि संध्याकाळी बसायला पर्यटकांचे महागडे पब नकोत, आपली माणसे बसतात तशी जागा हवी. — एक वाचक, पेडणे

आधी एक गोष्ट ठरवून टाका. पणजीत गाडी फिरवायची नाही. बसस्थानकाच्या पाटो भागात ठेवा, नाहीतर सरळ कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने या. पाहण्यासारखे शहर अडीच-तीन किलोमीटरांत मावते, आणि दिवसाचा निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात घालवणारेच पुढे ‘पणजीत बघायला काही नाही’ असे सांगत फिरतात. दुसरी गोष्ट घड्याळाची. दुपारी एक ते साडेतीन-चार शहर झोपते. दुकाने बंद, तावेर्नही (दारूचे छोटे गुत्ते) बंद. त्यामुळे पायपीट सकाळी, जेवण साडेबारालाच, दुपार फेरीबोटीसाठी आणि पिणे सात वाजल्यापासून, असा दिवस आखा. दिवस सोमवार सोडून निवडा. त्या दिवशी बरीच संग्रहालये बंद असतात.

साडेनऊला बसस्थानकावरून निघा. पाच मिनिटांवर पाटोच्या संस्कृती भवनात गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेले हे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या शैलीतली भित्तिचित्रे बघा आणि वाचनाची आवड असेल तर गोव्याचे जुने दस्तऐवज कुठल्या मजल्यावर आहेत ते काउंटरवर विचारा. पाहुण्यांना इथे कुणी नेत नाही, याचे आम्हांला खरोखर वाईट वाटते.

मग खाडी ओलांडून फोंतेन्हास, ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. रस्त्याकडेची रंगीत घरे सगळेच बघतात, तुम्ही आत सेंट सेबॅस्टियनच्या कपेलापर्यंत (छोट्या चर्चपर्यंत) जा. तिथला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला. तो पुढे पणजीतल्या आदिलशहाच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, हे दाखवल्याशिवाय पाहुण्यांच्या लक्षात येणार नाही. एक विनंती मनापासून आहे: ही लोकांची राहती घरे आहेत. पायऱ्यांवर बसून, खिडकीच्या गजांना धरून फोटो काढू नका. रहिवासी या त्रासाला कंटाळले आहेत, आणि तुमच्या मागून येणाऱ्यांना मग दारेच बंद दिसतात.

तिथून मळा नावाच्या वाड्यावर. फोंत फेनिक्स हा जुना झरा बघा, पायऱ्यांनी वर मारुती मंदिरापर्यंत चढा. चढ दहा मिनिटांचा, पण अकराच्या आत करा, नंतर ऊन सोसत नाही. आल्तिनोच्या टेकडीवरून उतरलात की महालक्ष्मीचे देऊळ. पोर्तुगीज अमदानीत पणजीत देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती १८१८ च्या सुमारास, त्यामुळे या साध्या दिसणाऱ्या वास्तूला मोठा अर्थ आहे.

शेवटी आझाद मैदान. त्याच्या कडेला पोलीस मुख्यालय ज्या इमारतीत आहे, तिच्याच एका भागात मिनेझिस ब्रागांझा संस्था. प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. जोर्जे कोलासो यांचे हे काम, साल १९३५. कार्यालयीन वेळेत जा. दोन मिनिटांवर जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला हा माणूस कांदोळीत जन्मला, हे कितीतरी गोंयकारांनाही ठाऊक नसते.

न्याहारी कॅफे टाटोत (१९१३ पासून चालू आहे) किंवा कॅफे भोसलेत. मिक्स भाजी, पाव, बन आणि मिरची. चौघांचे पोट अगदी थोड्या पैशांत भरते. दुपारी मासळीची थाळी घ्याल तेव्हा तळलेल्या मासळीचा भाव आधी विचारा. थाळी स्वस्त असते, पण वरच्या इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीने बिल दुप्पट होते.

जेवणानंतर बेतीची फेरीबोट. चालत जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत. पलीकडून रिक्षाने किंवा पायलटने, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाल्याबरोबर, सुमारे तीन किलोमीटरांवर रेइश मागूशचा किल्ला. १९९३ पर्यंत तुरुंग होता, डागडुजीनंतर २०१२ मध्ये खुला झाला. आत मारियोंच्या चित्रांचे दालन आहे आणि तटावरून पणजी समोर दिसते. परतायची रिक्षा तिथे मिळेलच असे नाही, म्हणून जातानाच थांबायचे पैसे ठरवा. पायलटशीही बसण्याआधी भाडे बोलून घ्या.

आता तावेर्न. स्वस्त का, तर तो फक्त दारू विकतो. स्वयंपाकघर नाही, वातानुकूलन नाही, वाढपी नाहीत. म्हणूनच तिथे जेवण मागायचे नाही. ओळखायची खूण अशी : एक-दोन गाळे, लाकडी काउंटर, मागे फेणीच्या बाटल्या, भिंतीवर दरपत्रक आणि उभ्याने पिऊन वीस मिनिटांत जाणारी माणसे. छापील मेन्यूकार्ड हातात आले, की तो तावेर्न नव्हे. मळा, सांतोमे आणि बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत अशा जागा अजून आहेत. सांतोमेतला जोसेफ बार आता पर्यटकांनाही माहीत झालाय. जागा एवढीशी की लोक गल्लीत उभे असतात. तिथे जायचे तर सातलाच.

मागताना माप सांगा. लहान ३० मिली, मोठा ६०, क्वार्टर १८०. चौघे असाल तर सुटे पेग मागवण्यापेक्षा क्वार्टर आणि सोडे घेणे स्वस्त पडते. पैसे रोख ठेवा. आणि नऊला उठा. नऊनंतर गाड्यावर रोस ऑम्लेट संपत येते. शागोतीच्या रसातले ते ऑम्लेट, वर कांदा, लिंबू आणि पाव, हेच तुमचे रात्रीचे जेवण.

घरच्या बायकाही बरोबर असतील तर काउंटरवरच्या तावेर्नऐवजी टेबलांचा बार-रेस्टॉरंट बरा. थोडे जास्त पडतील, पण निवांत बसता येते.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत येतोय. हुर्राक कुठे चांगला मिळेल? — एक वाचक, कोल्हापूर

मिळणार नाही. हुर्राक काजूच्या हंगामातला, साधारण फेब्रुवारीअखेर ते मे. बोंडूंच्या (काजूच्या फळांच्या) आंबवलेल्या रसाचा तो पहिला उतारा, १५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क. तो टिकत नाही, वास उतरतो. दिवाळीत कुणी बाटली पुढे केली, तर ती शिळी तरी असेल नाहीतर काहीतरी भलतेच.

त्या दिवसांत फेणी घ्या. ती पुन्हा गाळलेली, सुमारे ४२ टक्के. काजूच्या फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. बाटली हलवून बघा, बुडबुड्यांची माळ काठाला थोडा वेळ धरून राहिली पाहिजे. दोन थेंब तळहातावर चोळा. बोंडूचा वास रेंगाळला तर ठीक, अत्तरासारखा झटकन येऊन गेला तर परत करा. काजू उग्र वाटला तर माडाची फेणी मागा, ती सौम्य.

एप्रिलमध्ये आलात तर हुर्राक असा : ६० मिली, चिमूटभर मीठ, अर्धे लिंबू, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिम्का. सरबतासारखा उतरतो आणि तिथेच लोक फसतात. उन्हात, उपाशी पोटी तिसरा ग्लास झाला की पाय जड होतात. मध्ये पाणी प्या. त्यावर फेणी घेऊ नका.

प्रश्न : मुलांना शिवकालीन काही दाखवायचे आहे, एका दिवसात. — एक वाचक, फोंडा

नार्व्याचे सप्तकोटेश्वर. जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर या, फेरीबोटीने दिवाडी. गोव्याच्या कदंब राजांच्या या कुलदैवताचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगिजांनी ते पाडले, लिंग पलीकडे नार्व्याला नेले गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणून रस्त्याने सरळ नार्व्याला न जाता दिवाडी ओलांडून, दुसऱ्या फेरीबोटीने जा. देव गेला त्याच वाटेने मुले जातील आणि इतिहास त्यांना नकाशासकट कळेल. बेटावर बस क्वचित, स्वतःची दुचाकी-गाडी फेरीत चढवा. भरती-ओहोटीने फेरी खोळंबते, दुपारच्या जेवणाआधी परतायची घाई ठेवू नका. देवळात शिलालेखाचा दगड मुलांना वाचायला लावा.

प्रश्न : भाड्याच्या दुचाकीने फिरू का? आणि फेणीच्या बाटल्या घरी नेता येतील? — एक वाचक, सावंतवाडी

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तीच गाडी भाड्याची. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळाली तरी नको. दंड होतो आणि अपघातात विमा हात वर करतो. घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ काढा. तावेर्नच्या संध्याकाळी गाडी खोलीवरच राहू द्या. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती दोन पेगांतही ओलांडली जाऊ शकते. बाटली घेऊन किनाऱ्यावर किंवा जेटीवर बसू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला २०१९ मध्ये एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपयांपर्यंत दंड ठरला होता, २०२५ मध्ये तो आणखी वाढवला. पिण्याचे कायदेशीर वय गोव्यात २१.

बाटल्यांचे उत्तर तुमच्यासाठी स्पष्ट आहे. गोवा बनावटीची दारू महाराष्ट्रात नेली की तिथल्या उत्पादन शुल्क खात्याची कारवाई होते, आणि बांद्याला तपासणी असते. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणेल, पण नाक्यावर तो नसतो. घरी न्यायचे तर काजूगर, कोकम आणि बेबिंका (थराथरांचा गोड पदार्थ) न्या.