लियम बोथमचे तीन सामने

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

आजोबा आणि वडील दोघेही रणजी खेळलेले असताना आपण क्रिकेट सोडावे का, असे तू विचारले आहेस. उत्तराआधी इंग्लंडचा अष्टपैलू क्रिकेटपटू इयान बोथम याच्या मुलाविषयी, लियम बोथमविषयी लिहितो, कारण त्याच्या छोट्या कारकिर्दीकडे लोक चुकीच्या बाजूने पाहतात, असे माझे ठाम मत आहे.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये पोर्ट्समथ येथे हॅम्पशायर या इंग्लिश काउंटी संघाने १९ वर्षांच्या लियमला मिडलसेक्सविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणाची संधी दिली. त्याचा पहिला बळी ठरला माइक गॅटिंग, म्हणजे ज्याच्या नेतृत्वाखाली लियमचे वडील इयान बोथम १९८६-८७ ची ॲशेस मालिका जिंकून आले होते, तोच मुरलेला फलंदाज. त्या डावात लियमने ६७ धावांत पाच गडी टिपले. आता, ज्या इयानने १९८० साली वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत शतक ठोकून १३ बळीही घेतले, त्याच्या मुलाचे पाच बळी वडिलांचे नाव न घेता कोण मोजणार? पण ते त्याने स्वतःच्या हाताने मिळवले होते. आडनाव पाहून कोणी विकेट बहाल करत नाही.

तो एकूण तीनच प्रथम श्रेणी सामने खेळला आणि रग्बीकडे वळला. याला अपयश म्हणणारे एक गोष्ट विसरतात. रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा जो प्रकार त्याने निवडला तो, १९९५ मध्ये व्यावसायिक झाला. तोवर उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात रग्बी अशी सांगड घालणे शक्य होते. पगारी करार आल्यावर दोन्ही डगरींवर पाय ठेवणे अवघड झाले. लियमने वेळेवर निवड केली, वेस्ट हार्टलपूल, कार्डिफ आणि न्यूकॅसलकडून खेळला, नंतर रग्बी लीग या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारातही उतरला, आणि २००५ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे थांबेपर्यंत तोच त्याचा व्यवसाय राहिला. त्याचा मुलगा जेम्स २०२० मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय रग्बी संघात आला.

लियमला जायला दुसरे मैदान होते, आणि त्या मैदानाची त्याला ओढ होती. तुझ्या पत्रात मात्र अशा ओढीचा उल्लेखच नाही; आहे तो केवळ तुलनेचा जाच. एवढ्यासाठी क्रिकेट सोडू नकोस, असे मी तुला कळकळीने सांगतो. या मोसमातील निवड चाचणीला जा, मनापासून गोलंदाजी कर, आणि त्यानंतरही दुसरे काही खुणावत असेल तर खुशाल जा. फक्त तो निर्णय वडिलांना निवड समितीकडून कळू देऊ नकोस; समोर बसून तूच सांग.

तुझा हितचिंतक