संभाजीनगरला सासू-सासरे आणि मुलांसोबत तीन रात्री : हॉटेल एअरपोर्टजवळ घ्यावं की जुन्या शहरात?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शनिवारी संध्याकाळच्या फ्लाइटने हैदराबादहून सहा जण येताय, मुलं ६ आणि ११ वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखतात, रूमचं बजेट तीन-साडेतीन हजार, आणि मंगळवारी संध्याकाळी परत. हॉटेल चिकलठाण्याला एअरपोर्टला लागून घ्यावं की बीबी का मकबऱ्याच्या बाजूला शहरात, एवढंच विचारलंय, पण त्यात बाकीच्या बऱ्याच गोष्टी गुंतलेल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी जालना रोडवरच्या एका फॅमिली हॉटेलात फ्रंट ऑफिसला बरीच वर्षं काढली आहेत आणि राहायलाही सिडकोतच आहे, त्यामुळे अशा फॅमिली रोज बघितल्यात.

माझं स्पष्ट मत, दोन्ही नको. सेव्हन हिल ते सिडको बसस्टँड या पट्ट्यात जालना रोडवर किंवा त्याच्या मागच्या गल्लीत घ्या. आपल्याकडे एअरपोर्ट गावाला इतका लागून आहे की "एअरपोर्टजवळ" या गोष्टीला फारशी किंमतच नाही, सिडको बसस्टँडपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला रेल्वे स्टेशनकडे राहिलात तरी अर्धा-पाऊण तास. चिकलठाण्याकडे अगदी लागून राहिलं की संध्याकाळी मुलांना घेऊन पायी कुठे जायला काही नाही, हायवेसारखा रस्ता, ट्रक, आणि जेवायला हॉटेलातच किंवा मॉलमध्ये. सिडकोत कॅनॉट म्हणून बाजाराचा भाग आहे, तिथे संध्याकाळी पाणीपुरीपासून साउथ इंडियनपर्यंत सगळं मिळतं, बागेच्या भोवती चालता येतं, मेडिकल दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. वयस्कर माणसं बरोबर असताना हे शेवटचं फार कामाला येतं.

जुन्या शहराचं आकर्षण मला समजतं. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेलं खडकी म्हणजे तेच, दरवाजे, गुलमंडी, सिटी चौक, ते बघायलाच हवं. पण राहायला नको. गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत येईलच असं नाही, पार्किंग नाही, आणि सासूबाईंना बॅगांसकट शंभर पावलं चालवायची म्हणजे पहिल्याच रात्री त्यांचा मूड जाणार. बेगमपुऱ्यातून मकबरा जवळ पडतो हे खरं, पण मकबरा एकदाच बघणार, हॉटेलात तीन रात्री राहणार.

आणि हॉटेल ठरवताना एअरपोर्टपेक्षा सकाळी तुम्ही कुठल्या रस्त्याने बाहेर पडणार ते जास्त महत्त्वाचं. अजिंठा जळगाव रोडने, सिडको चौकातूनच तो रस्ता सुटतो, हर्सूल टी पॉइंट, फुलंब्री, सिल्लोड असं. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, अडीच तास धरून चाला. वेरूळ बरोबर उलट्या बाजूला, क्रांती चौक, नगर नाका, छावणी, मिटमिटा, दौलताबाद. सिडकोतून वेरूळला जाताना सगळं शहर ओलांडावं लागतं पण सकाळी लवकर निघालं तर रस्ता मोकळाच असतो, तर लांबचा अजिंठा आहे त्याच्या बाजूला राहणं फायद्याचं.

आता वार बघा, कारण इथेच कितीतरी लोकांचं गणित चुकतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तुम्ही शनिवारी संध्याकाळी येताय म्हणजे रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि दौलताबाद, मंगळवारी शहर, याशिवाय दुसरा क्रम बसतच नाही. रविवारी अजिंठ्याला गर्दी असणार, ती सोसायची.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, कारण मॅनेजर बदलला की सहा महिन्यांत हॉटेल बदलतं. पण फोन करून काय विचारायचं ते सांगतो. ऑनलाइन रेट बघा आणि मग थेट रिसेप्शनला फोन लावा, कमिशन वाचत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याच रेटमध्ये नाश्ता नाहीतर एअरपोर्ट पिकअप टाकून देतात. साडेसात हजारापर्यंतच्या रूमवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता, त्यामुळे "टॅक्स धरून फायनल किती" हे विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

सासूबाईंसाठी लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका. लिफ्ट आहे असंच सगळे सांगतात आणि ते खरंही असतं, पण जुन्या बांधणीच्या हॉटेलात पोर्चपासून रिसेप्शनपर्यंत पाच-सहा पायऱ्या असतात, कधी कधी लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते. "गाडीतून उतरल्यापासून बेडपर्यंत एकूण किती पायऱ्या" असं विचारा, समोरचा माणूस थांबून मोजेल आणि खरं सांगेल. बाथरूमच्या दारात चार बोटं उंबरा असतो, तो रात्री अंधारात फार वाईट, त्याचं विचारा. कमोड आहे ना ते विचारा. आणि आल्या आल्या हाउसकीपिंगकडून प्लॅस्टिकचं स्टूल मागून घ्या, अंघोळीला बसायला, प्रत्येक हॉटेलात असतं पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

गरम पाण्याचं पक्कं करा. बऱ्याच मध्यम हॉटेलांत सोलर आहे आणि गरम पाणी ठरावीक वेळेतच येतं, डिसेंबरात पहाटे इथे चांगलीच थंडी असते आणि तुम्हाला अजिंठ्यासाठी साडेसहाला निघायचंय, त्यामुळे रूममध्ये गिझर असलेलंच घ्या. शहराला पाणी जायकवाडीहून येतं, नळाला रोज येत नाही, हॉटेलं टँकरवर चालतात, त्यामुळे सगळे पाहुणे एकदम अंघोळीला लागले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. पहिला-दुसरा मजला मागा, आणि रूम मागच्या बाजूची, जालना रोडवर रात्रभर वाहनं असतात.

आणखी एक, ही लग्नसराई आहे. "त्या तारखांना तुमच्याकडे किंवा शेजारच्या लॉनवर लग्न आहे का" हे विचाराच. लग्न असेल तर डीजे, फटाके, लिफ्टमध्ये वऱ्हाड, सकाळी नाश्त्याला रांग, सगळंच आलं. बीड बायपासकडे तर मंगल कार्यालयांची ओळच आहे, तिकडचं हॉटेल स्वस्त मिळालं तरी या महिन्यात मी घेणार नाही.

रूम दोन घ्या, शेजारी-शेजारी, चार जणांची एक फॅमिली रूम आणि दोघांची एक. एकाच मोठ्या रूममध्ये सहा जण कोंबून पैसे वाचतात पण बाथरूम एकच राहतं आणि सकाळी सगळ्यांना एकाच वेळी निघायचं असतं. एक्स्ट्रा गादीचे पैसे आधी ठरवा, सहा वर्षांच्या मुलाला बहुतेक ठिकाणी लावत नाहीत. आधारकार्ड सगळ्या मोठ्यांची जवळ ठेवा, एकाच्या कार्डवर भागत नाही.

चेकआउट बारा वाजता आहे का चोवीस तासांचं हे मात्र नक्की विचारा, तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल. चोवीस तासांचं असेल तर शनिवारी संध्याकाळी सातला चेक-इन झालेली रूम मंगळवारी संध्याकाळी सातपर्यंत तुमची, त्याच तीन रात्रींच्या पैशात, आणि दुपारी सासूबाईंना आडवं होता येतं. आपल्याकडे अशी हॉटेलं अजून बरीच आहेत.

आता थोडं फिरण्याचं, कारण हॉटेल त्यालाच जोडलेलं आहे. रविवारी सकाळी हॉटेलचं किचन सात-साडेसातच्या आधी सुरू होत नाही, तेव्हा शनिवारी रात्रीच पराठे किंवा सँडविच पॅक करायला सांगा, पोहे वाटेत सिल्लोडला मिळतील. अजिंठा नऊला उघडतं. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी ठेवून तिथल्या बसने चारेक किलोमीटर आत जावं लागतं. मग सुरुवातीच्या पायऱ्या आहेत, सासूबाईंसाठी डोली करा, संकोच करू नका, ठरवून भाव करा. पहिलं आणि दुसरं लेणं लगेचच लागतं आणि चित्रं तिथेच भरपूर आहेत, पद्मपाणी पहिल्यातच आहे, म्हणजे कोणी दमलं तर तिथवर बघून सावलीत बसलं तरी येणं वाया जात नाही. मुलांना मात्र सव्वीसपर्यंत न्या, तिथला महापरिनिर्वाणातला आडवा बुद्ध त्यांच्या लक्षात राहील. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट काढावे लागतात, डिसेंबरात सकाळी दगड गार असतो, म्हणून सासू-सासऱ्यांना जाड मोजे घालायला सांगा.

सोमवारी वेरूळला शक्य तितक्या लवकर पोचा, ते सूर्योदयाला उघडतं. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना, दहानंतर लाल एसट्यांच्या रांगा लागतात आणि कैलासात उभं राहायला जागा मिळत नाही. कैलास म्हणजे सोळा नंबरचं लेणं, ते गेटच्या समोरच आहे, सासूबाईंना चालायला फार नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेलं हे देऊळ, तर नुसतं अंगणातून फिरून परत येऊ नका. आत शिरल्यावर भोवतीच्या ओवऱ्यांत जा आणि तिथून मान वर करून बघा, म्हणजे डोंगर किती कापून काढलाय ते समजतं. मी पाहुण्यांना पहिल्यांदा हेच सांगायचो. मग घृष्णेश्वर, सोमवार असल्यामुळे रांग असणार, पुरुषांना गाभाऱ्यात जाताना शर्ट काढावा लागतो हे सासऱ्यांना आधी सांगून ठेवा.

परतताना दौलताबाद. देवगिरीवर सासूबाईंना चढवू नका, खाली चांद मिनारच्या आसपास दोघांना बसवा आणि तुमच्यापैकी एकाने मुलांना अंधारीपर्यंत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेपर्यंत, नेऊन आणा, मोबाइलचा टॉर्च चार्ज करून ठेवा, वटवाघळांचा वास येतो पण अकरा वर्षांच्या मुलाला त्याचंच अप्रूप वाटेल. या रस्त्यावर गाड्या किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जातात, संध्याकाळी तिथे अडकायला होतं, म्हणून चारच्या आत परत फिरा.

मंगळवार सकाळ मकबऱ्याला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर, जागा बरीचशी सपाट, बाग मोठी, सगळ्यांना झेपेल अशी. ताजमहालाशी तुलना करत बसण्यापेक्षा मुख्य दरवाज्यावरचं पितळी काम जवळून बघा, त्या दरवाज्यावरच्या लेखात बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. अताउल्ला म्हणजे ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. मग पाणचक्की, हर्सूलकडून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर चालणारी, महमूद दरवाज्याला लागून आहे, अर्ध्या तासात होते. मकबऱ्याबाहेर हिमरू (इथलं रेशीम-सुती विणकाम) म्हणून शाली मिळतात, हातमागाची हवी असेल तर घाईत घेऊ नका.

गाडी तीन दिवसांची एकच ठरवा, सहा जण आणि बॅगा म्हणजे इनोव्हा किंवा अर्टिगा, हॉटेलमार्फत घेतली तर ड्रायव्हर शनिवारी एअरपोर्टवरच येईल. मोबाइलवरच्या कॅबवर सहा जणांनी विसंबून राहू नये.

बारा वाजताचं चेकआउट असलेलंच हॉटेल मिळालं तर मंगळवारी सकाळी निघतानाच बॅगा रिसेप्शनला ठेवा, एक रूम अर्ध्या दिवसाच्या भाड्यात देता का ते आदल्या रात्री विचारा, सकाळी विचारलंत तर हाउसकीपिंगची यादी लागलेली असते. आणि फ्लाइटच्या दोन तास आधी सिडकोतून निघालात तरी पुरतं, फक्त मुकुंदवाडीला संध्याकाळचा जाम असतो तेवढी पंधरा मिनिटं जास्त धरा.