वाचकांचे प्रश्न : वक्र बिघडला की आधी ‘टी’ पाहा

प्रश्न : डेसमॉस या आलेख काढणाऱ्या संकेतस्थळावर (साइन ३टी, साइन २टी) हा प्राचलिक वक्र, म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही ‘टी’वरून ठरणारा वक्र, लिहिला. पुस्तकात बंद, फासाफासांची आकृती आहे. मला आरंभबिंदूतून निघालेला तुकडाच दिसतो. सूत्र चुकलं का?

उत्तर : सूत्र बरोबर आहे. डेसमॉस टीची मर्यादा आपणहून ० ते १ धरतं. हा वक्र पुरा व्हायला टी २पाय (२π), म्हणजे सुमारे ६.२८ पर्यंत जावा लागतो. समीकरणाखालच्या चौकटीतला १ खोडून तिथे २पाय लिहा. तुकडा अगदीच इवला, सरळ रेघेसारखा असेल, तर कोन अंशांत मोजले जात आहेत. पान्याच्या चिन्हावर जाऊन रेडियन निवडा.

दोन्हीकडे साइनऐवजी कॉस घातलंत, तर मर्यादा बरोबर असूनही दोन टोकांचा उघडा वक्र येईल. तो तसाच यायला हवा. कॉसला टी आणि उणे टी सारखेच, त्यामुळे बिंदू गेल्या वाटेनेच परत येतो.

प्रश्न : पायथनमध्ये एक्स = कॉस टी, वाय = साइन ५०टी काढलं. दाट लाटांऐवजी वर्तुळ आलं! टीसाठी ‘लिनस्पेस’ला (दोन टोकांमध्ये समान अंतरावर बिंदू घेणारी नमपायची आज्ञा) फक्त ० आणि २पाय दिले होते.

उत्तर : बिंदूंची संख्या दिली नाही, की लिनस्पेस ५० बिंदू घेतं. ५० बिंदू म्हणजे ४९ भाग. दर पावलाला टी २पाय÷४९ ने वाढतो, आणि ५०टी वाढतो त्याच्या ५० पट: एक पूर्ण फेरा, वर तेवढंच एक पाऊल. पूर्ण फेऱ्याने साइन बदलत नाही. म्हणून त्या प्रत्येक बिंदूवर साइन ५०टी आणि साइन टी एकच! ५० च्या जागी ४९ घाला, वर्तुळाची आडवी रेघ होईल.

प्रत्येक लाटेला ४० भाग द्या. ५० लाटांना २००० भाग, म्हणजे २००१ बिंदू. मग जोडरेषा खऱ्या वक्रापासून लाटेच्या उंचीच्या साधारण ०.३ टक्क्यापलीकडे ढळत नाहीत. शंका आली तर बिंदू दुप्पट करून पाहा. आकृती बदलली, तर आधीचीवर भरवसा ठेवू नका. लिनस्पेसऐवजी ‘अरेंज’ (पावलाची लांबी देऊन बिंदू घेणारी आज्ञा) वापरू नका. ते शेवटचा बिंदू सहसा गाळतं आणि बंद वक्राला फट राहते.

प्रश्न : मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनच्या आलेख काढणाऱ्या संचात) वर्तुळ लंबगोल दिसतं.

उत्तर : चौकट ६.४ × ४.८ इंचांची, म्हणून आडवं माप ताणलं जातं. ‘एक्सिस’ला ‘इक्वल’ सांगा. जिओजेब्रा या आलेखांच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच अडचण आली, तर अक्षांचं प्रमाण १ : १ करा.