पहिली लाँगरायफल घडवताना

पहिल्या लाँगरायफलीसाठी, म्हणजे लांब नळीच्या जुन्या चकमकी रायफलीसाठी, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्याची, 18व्या शतकाच्या उत्तरार्धातील घडण निवडलीत हे उत्तम झाले. मात्र तिच्यात लीहाय किंवा बक्स परगण्याची वळणे मिसळू नका. लँकेस्टरच्या दस्त्याची वरची आणि खालची रेषा सरळ जाते, आणि खरी ओळख त्या रेषांत असते, पितळी पॅचबॉक्सवरच्या (दस्त्यातल्या झाकणाच्या कप्प्यावरच्या) फुलात नव्हे. म्हणून कोरीवकाम पुढच्या रायफलीसाठी राखून ठेवा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- मेपलचे लाकूड जास्त ठेवणे. लॉकभोवती (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेभोवती) आणि नळीलगत जुन्या रायफली विलक्षण सडपातळ असतात. कडा जाड राहिल्या की सगळा डौल जातो.
- नळीचा कान, म्हणजे आतल्या दारूपर्यंत आग पोचवणारे छोटे भोक, घाईने पाडणे. आधी नळी, मग चकमकीचा लॉक पक्का बसवा आणि त्यानंतरच लॉकवरच्या बत्तीच्या दारूच्या वाटीसमोर हे भोक पाडा.

रंगकामाची चिंता आताच करू नका.