‘एम’ म्हणजे मुंबई नव्हे

प्रश्न : काका, नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, इराक-सिरियाकडे राहून आले. त्यांच्या ट्रंकेत तांब्याचं एक जाड नाणं सापडलं. एका बाजूला टोप घातलेला, समोर बघणारा माणूस, हातात लिंबासारखं काहीतरी. दुसऱ्या बाजूला भला मोठा इंग्रजी एम, त्याच्या पायांत उलटा एल. डावीकडे वरून खाली ए-एन-एन-ओ, उजवीकडे दोन एक्स, तळाला टी-एच-यू-पी. सराफाकडे वजन केलं, साडेसतरा ग्रॅम भरलं. तो म्हणाला, एम म्हणजे मुंबईची टांकसाळ. शेजारचे म्हणतात, तेरला सापडतं तसलं रोमन असेल. खरं काय? आणि चिंचेनं घासू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, चिंच आधी डब्यात ठेवा. बाकीचं सावकाश सांगतो.

तो एम म्हणजे आकडा आहे. ग्रीक लोक अंकसुद्धा अक्षरांनीच लिहीत. त्यात एम म्हणजे 40, म्हणजे 40 नुम्मसचं नाणं. नुम्मस ही त्यांची सगळ्यात बारकी चिल्लर. तुमचा उलटा एल हा ग्रीक ‘गॅमा’, म्हणजे 3 : टांकसाळीतला तिसरा कारखाना. बाजूची अक्षरं मात्र लॅटिन : ‘ॲनो’ म्हणजे वर्ष आणि दोन एक्स म्हणजे रोमन आकड्यांतले वीस. लिंबू नव्हे, तो क्रूस असलेला पृथ्वीचा गोल. पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट जस्टिनियन, राज्याचं विसावं वर्ष, इसवी सन 546-47.

मी पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. ॲल्युमिनियमचे पाच-दहा पैसे पोत्यानं मोजलेत, म्हणून ह्या एमचं मोल मला जरा जास्तच वाटतं. पाचव्या शतकात रोमन चिल्लरीची पार रया गेली होती. नुम्मस म्हणजे जेमतेम ग्रॅमभराचा, नखाएवढा तुकडा, त्यावरचं चित्रही धड उमटलेलं नसायचं. 445 साली पश्चिम रोमन साम्राज्यात कायदाच करावा लागला : सराफाकडून 7,200 नुम्मसला घेतलेलं सोन्याचं नाणं परत विकताना 7,000 च्या खाली जाता कामा नये. सात हजार तुकडे! मोजणाऱ्याच्या बोटांची दया येते. मग 498 मध्ये सम्राट अनास्टेशियसनं एकदम 40 चं मोठं नाणं काढलं आणि किंमत ठसठशीत त्याच्यावरच घातली. 20 ला के, 10 ला आय, पुढं 5 ला ई. न वाचता येणारा माणूससुद्धा अक्षराच्या आकारावरून ओळखेल. हल्लीचे संग्राहक बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, नाणी इथूनच धरतात. ते लोक मात्र स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होते, तेव्हा तुमचे शेजारी अगदीच चुकलेले नाहीत.

फक्त तेरचा संबंध लावू नका. तिथला रोमशी व्यापार सातवाहनांच्या वेळचा, ह्या नाण्याच्या कितीतरी आधीचा. लामतुरे संग्रहालय बघून या, फरक कळेल.

आता वजन. जस्टिनियननं बाराव्या वर्षी, 538-39 मध्ये, हे नाणं आणखी मोठं केलं, चेहरा समोरून दाखवला आणि वर्ष घालायला सुरुवात केली. तेव्हाची नाणी दोन तोळ्यांच्या आसपास भरतात. तुमचं दीड तोळा. आठ वर्षांत अर्धा तोळा गेला कुठं? मधे 542 ला राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल), प्लेग घुसला होता आणि लढायाही चालूच होत्या. एमचा 40 मात्र तसाच राहिला. आकडा कायम आणि माल कमी, ही युक्ती आपल्या बिस्किटपुड्यांवरूनही ओळखीची आहे.

मला सगळ्यात आवडली ती तळाची चार अक्षरं. टी-एच-यू-पी म्हणजे थिऊपोलिस, देवाचं शहर. मूळ नाव अँटिऑक, आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, सिरियाच्या सीमेला लागून. 526 च्या भूकंपात ते जमीनदोस्त झालं, 528 ला पुन्हा हादरलं, तेव्हा देवाला साकडं घालावं तसं नावच बदललं. 540 मध्ये इराणचा राजा खुसरो यानं ते लुटून जाळलं. त्यानंतर सहा-सात वर्षांत त्याच गावात तुमचं नाणं ठोकलं गेलं. किल्लारीच्या पहाटे आमच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली आली होती. देवाच्या नावाचा आधार घेणं मला परकं वाटत नाही.

चिंचेबद्दल. असंच एक नाणं मी मंगळवार बाजारात भंगाराच्या ढिगातून उचललं आणि चिंच-मीठ लावून लख्ख केलं. हिरव्या थराबरोबर वर्षाचा आकडाही गेला. आता ते कुठल्या साली पाडलं, कुणीच सांगू शकत नाही. घट्ट, गडद हिरवा थर असेल तर हात लावू नका. फिकट हिरवी पूड झडत असेल तर तो रोग आहे, पसरतो. नाणं वेगळं, कोरड्या डबीत ठेवा, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका आणि जाणकाराला दाखवा.

लाखात जाईल ही आशा ठेवू नका, असली नाणी पुष्कळ आहेत. शंभर वर्षांपुढचं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, तेव्हा परदेशातल्या भाच्याबरोबर पाठवू नका. आणि आजोबांचं फौजेतलं सर्व्हिस बुक सापडलं तर सिरियात कुठल्या गावी मुक्काम होता, तेवढं मला कळवा.